न लढलेल्या फौजेची मोहीम

१८०१ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी मुंबई बंदरातून जहाजे एकामागून एक तांबड्या समुद्राच्या वाटेला लागली. त्यांवर गोऱ्या पलटणी होत्या, तशाच मुंबई लष्कराच्या पहिल्या आणि सातव्या देशी पलटणीही होत्या. बंगालहून स्वखुशीने आलेले शिपाई होते, मद्रास-मुंबईचे गोलंदाज होते, रस्ते करणारे आणि विहिरी खणणारे पायोनियर होते. जायचे होते इजिप्तला. तीन वर्षांपूर्वी नेपोलियनने तिथे उतरवलेले फ्रेंच सैन्य अजून नाईलच्या काठी ठाण मांडून होते. त्याला हुसकून लावण्यासाठी इंग्रजांनी दोन बाजूंनी चाल आखली होती. एक फौज भूमध्य समुद्रातून यायची होती, दुसरी हिंदुस्थानातून.

भूमध्य समुद्रातून आलेल्या फौजेने लढाया मारल्या आणि नाव कमावले. हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेवर एकही मोठी लढाई लढण्याची वेळ आली नाही. ती पोचेपर्यंत शत्रू मेटाकुटीला आला होता. म्हणून या युद्धाच्या बहुतेक इतिहासांत तिची बोळवण एखाद्या परिच्छेदावर होते. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. फ्रेंचांशी दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या त्या युद्धांत इंग्लंडने समुद्रापार कितीतरी मोहिमा धाडल्या. त्यांतल्या अनेकांचा निकाल तोफांच्या आधी पाण्याने, वाऱ्याने, होड्यांनी, तापाने आणि औषधांच्या पेट्यांनी लावला. त्या कसोटीला मुंबईहून निघालेली ही फौज पुरेपूर उतरली. आठ वर्षांनंतर तिच्या सहापट मोठी इंग्रज फौज घरापासून हाकेच्या अंतरावर त्याच कसोटीला उतरू शकली नाही.

आघाड्या बनत होत्या, मोडत होत्या

१७९३ पासून इंग्लंड फ्रान्सशी लढत होते. फ्रान्सविरुद्ध युरोपातल्या राजांच्या आघाड्या बनत, मोडत आणि पुन्हा बनत. ऑस्ट्रिया, रशिया, प्रशिया यांच्याजवळ मोठी पायदळे होती. इंग्लंडजवळ आरमार होते आणि पैसा होता. दोस्तांना पैसा पुरवायचा, समुद्र रोखून धरायचा आणि संधी दिसेल तिथे काही हजार माणसे जहाजांतून नेऊन किनाऱ्यावर उतरवायची, अशी इंग्रजांची रीत पडून गेली.

या रीतीची सर्वांत भयंकर किंमत वेस्ट इंडीजमध्ये मोजावी लागली. तिथली साखरेची बेटे म्हणजे फ्रान्सच्या व्यापाराचा कणा. तो मोडावा म्हणून युद्धमंत्री हेन्री डंडास वर्षामागून वर्ष पलटणी पाठवत राहिला. बेटे कधी हाती आली, कधी गेली. पण पिवळा ताप आणि हिवताप कायम तिथेच होते. १७९३ ते १८०१ या काळात तिकडे गेलेल्यांपैकी ४० हजारांहून अधिक इंग्रज सैनिक मेले. त्यांतले बहुतेक इस्पितळांत आणि बराकींत गेले.

युरोपातही फारसे यश नव्हते. १७९९ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज फौज हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यावर उतरली, मागून रशियन मदतीला आले. डच आरमार हाती लागले. पण वाळूच्या टेकड्या, कालवे आणि शरद ऋतूतला पाऊस यांत फौज अडकली आणि ऑक्टोबरात आल्कमारचा करार करून तिला माघारी यावे लागले. पुढच्या वर्षी, १८०० मध्ये, स्पेनच्या किनाऱ्यावर फेरोलला उतरलेली फौज बंदराची तटबंदी पाहून परत जहाजांवर चढली. मग कादिझवर हल्ला ठरला. शहरात पिवळ्या तापाची साथ असल्याने तोही सोडून द्यावा लागला. वीसेक हजार सैनिक महिनोन्‌महिने जहाजांच्या पोटात हेलपाटत होते. काय करायचे हे लंडनलाच ठरवता येत नव्हते.

दरम्यान दुसरी आघाडी कोसळत होती. १८०० च्या जूनमध्ये मारेंगोला आणि डिसेंबरात होहेनलिंडेनला ऑस्ट्रियाचा पराभव झाला. आता तहाची बोलणी होणार हे दिसत होते. तह होईल तेव्हा फ्रेंच इजिप्तमध्ये असले, तर इजिप्त त्यांच्याकडेच राहील आणि हिंदुस्थानच्या वाटेवर त्यांचा कायमचा तळ पडेल, ही डंडासची भीती. ती अगदीच निराधार नव्हती. नेपोलियनने इजिप्तमधून टिपू सुलतानाला पत्र धाडले होते. टिपू १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला पडला, तरी कंपनी सरकारची धास्ती गेली नव्हती. राजा तिसरा जॉर्ज याचा या मोहिमेला विरोध होता. डंडासने तो अंगावर घेतला आणि ऑक्टोबर १८०० मध्ये हुकूम सुटला.

मार्मारिसच्या उपसागरातली तालीम

भूमध्य समुद्रातल्या फौजेचा सेनापती होता सर राल्फ अॅबरक्रॉम्बी. वय ६६, नजर इतकी अधू की दुर्बिणीशिवाय रणांगण दिसत नसे. पण हॉलंड आणि वेस्ट इंडीज या दोन्ही मोहिमांत त्याने उमेदवारी केली होती. तयारीवाचून उतरलेल्या फौजेचे काय होते हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. डिसेंबरअखेर तो तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्मारिसच्या उपसागरात शिरला आणि सुमारे दोन महिने तिथेच थांबला. तुर्कांनी कबूल केलेली मदत वेळेवर आली नाही, आलेली घोडी बेताची निघाली. पण त्या दोन महिन्यांत त्याने एक गोष्ट साधली. सपाट बुडाच्या होड्यांतून किनाऱ्यावर उतरण्याची त्याने फौजेकडून पुन:पुन्हा तालीम करून घेतली. कोणती होडी कुठे असेल, दोन होड्यांत अंतर किती राहील, उतरल्या उतरल्या कोणती कंपनी कुणाच्या डाव्या हाताला उभी राहील, हे अंगवळणी पडेपर्यंत घटवले.

८ मार्च १८०१ रोजी सकाळी आबुकीरच्या उपसागरात पाच हजारांहून अधिक सैनिक होड्यांत बसून निघाले. वल्ही मारणाऱ्या खलाशांच्या मधे ते दाटीवाटीने बसले होते. हुकूम होता की कुणी उठायचे नाही, बोलायचे नाही, बंदूक भरायची नाही. समोर वाळूच्या उंच टेकड्यांवर फ्रेंच तोफा होत्या, बाजूला आबुकीरचा किल्ला. आधी गोळे पडले, मग जवळ येताच छऱ्यांचा मारा सुरू झाला. काही होड्या बुडाल्या. बाकीच्यांनी रांग मोडू दिली नाही. होड्यांची व्यवस्था आरमाराच्या अलेक्झांडर कॉक्रेनकडे होती. उजव्या बाजूची माणसे जॉन मूरच्या हाताखाली पाण्यातून उतरली, तिथेच रांग धरली आणि वाळूत पाय रुतत असताना धावत टेकडी चढून गेली. सातशेच्या आसपास इंग्रज सैनिक आणि खलाशी मारले गेले वा जखमी झाले, पण फौज उतरली. शत्रू समोर तोफा रोखून उभा असताना एवढी फौज अशा शिस्तीने उतरवणे तोवर क्वचितच कुणाला साधले होते.

पुढचा प्रश्न पाण्याचा होता. समुद्र आणि खारे सरोवर यांमधल्या वाळूच्या पट्टीवर हजारो माणसांनी प्यायचे काय? त्या किनाऱ्याची माहिती असलेल्या सिडनी स्मिथने सांगितले की जिथे खजुराची झाडे आहेत तिथे खणा, पाणी लागेल. शिपायांनी खणले आणि पाणी लागले. हे एवढेसे ज्ञान नसते, तर आबुकीरचा विजय चार दिवसांत धुळीला मिळाला असता.

२१ मार्चच्या पहाटे, अंधार असतानाच, फ्रेंच सेनापती मनूने अलेक्झांड्रियाबाहेर इंग्रजांवर हल्ला चढवला. तो परतवला गेला. त्यात अॅबरक्रॉम्बीच्या मांडीत गोळी शिरली. त्याला डोलीतून नेताना डोक्याखाली कुणीतरी घोंगडी घडी करून ठेवली. ती कुणाची, असे त्याने विचारले. एका साध्या शिपायाची, असे उत्तर मिळाले. त्यावर त्याने त्या शिपायाचे नाव मुद्दाम विचारून घेतले आणि रात्री थंडीत उघडा पडू नये म्हणून त्याची घोंगडी त्याच दिवशी परत पोचवायला बजावले, असे सांगतात. आठवड्याभराने, २८ मार्चला, तो जहाजावर वारला. एका घोंगडीची अशी फिकीर करणारा सेनापती होता, म्हणूनच त्याने होड्यांची तालीम दोन महिने घेतली.

त्याच्या जागी आलेल्या हचिन्सनने अलेक्झांड्रिया कोंडण्यासाठी एप्रिलमध्ये बांध फोडून मरेओटिसच्या कोरड्या पडलेल्या सरोवरात समुद्राचे पाणी सोडले. लष्करी डाव म्हणून तो अचूक ठरला. पण त्या खाऱ्या पाण्याखाली इजिप्तच्या शेतकऱ्यांची गावे आणि वावरे गेली. त्या शेतकऱ्याचे ना फ्रान्सशी भांडण होते, ना इंग्लंडशी. या मोहिमांचा जमाखर्च मांडताना ती बुडालेली जमीन खर्चाच्या बाजूला लिहायलाच हवी.

मुंबईत जमलेली फौज

इकडे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने आधी दुसऱ्याच बेतासाठी त्रिंकोमालीला सैन्य गोळा केले होते. इजिप्तची बातमी येताच त्याचा धाकटा भाऊ ऑर्थर ती फौज वरच्या हुकमाची वाट न पाहता मुंबईला घेऊन आला. कारण दाणागोटा, पाण्याची पिंपे आणि जहाजे मिळण्याची जागा मुंबईच होती. पण सेनापतिपद गेले डेव्हिड बेर्डकडे. बेर्डने तारुण्यातली काही वर्षे हैदरअलीच्या कैदेत बेड्यांत काढली होती आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटावर चढणाऱ्या तुकडीच्या अग्रभागी तोच होता. ऑर्थरला दुय्यम जागा मिळाली. मुंबईतच त्याला तापाने गाठले, पाठोपाठ चिवट त्वचारोग झाला आणि तो मागे राहिला. ज्या जहाजातून तो जाणार होता ते वाटेत माणसांसह बुडाले. मागे राहिलेल्या याच ऑर्थर वेलस्लीने दोन वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, जालन्याच्या उत्तरेला असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे त्याला वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून जग ओळखू लागले. म्हैसूरचे बैल आणि धान्याची चोख व्यवस्था ही त्याच्या दख्खनच्या मोहिमेची खरी ताकद होती.

मुंबई लष्कराच्या देशी पलटणींत कोकणातल्या माणसांचा भरणा मोठा होता. मराठे, कुणबी, महार, बेने इस्रायली, मुसलमान असे सगळे एका रांगेत उभे असत. समुद्रप्रवासाने जात बाटते ही भीती बंगाल लष्करातल्या उच्चवर्णीय शिपायांत तीव्र होती, म्हणून तिकडून स्वखुशीने येणारेच निवडावे लागले. मुंबईच्या पलटणींना जहाज नवे नव्हते. किनाऱ्यावर वाढलेल्या या शिपायांनी समुद्राला पाठ दाखवली नाही.

बेर्डच्या हाताखाली सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास लढवय्ये होते. सुएझला उतरावे, तिथून कैरोला जावे, असा मूळ बेत. पण तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात उन्हाळ्याचे वारे उत्तरेकडून वाहतात आणि शिडाच्या जहाजाला त्यांच्यापुढे जाता येत नाही. उशीर झालेलाच होता. मग कुसेर या लहानशा बंदरात उतरायचे ठरले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेर्ड कुसेरला पोचला. मागची जहाजे दिवसांच्या अंतराने येत राहिली. पुढे होते वाळवंट आणि त्यापलीकडे, सुमारे १२० मैलांवर, नाईलकाठचे केना गाव.

कुसेर ते केना

जून-जुलैचे ऊन. वाट पुरातन होती. फेअरोंच्या काळापासून तांबडा समुद्र आणि नाईल यांना जोडणारे तांडे या बाजूने गेले होते. पण तांड्याची गोष्ट वेगळी आणि हत्यारे, दारूगोळा, तंबू घेऊन निघालेल्या पलटणींची वेगळी. विहिरी होत्या, पण थोड्या, आणि पाणी मचूळ. मोईला आणि लगेटा या दोन मोठ्या मुक्कामांच्या आधी प्रत्येकी एक टप्पा असा होता, जिथे पाण्याचा थेंब नव्हता.

बेर्डने फौजेचे तुकडे पाडले. सगळे एकदम निघाले असते, तर पहिल्याच विहिरीचा तळ दिसला असता. म्हणून एक तुकडी पुढे गेली की विहिरीला पाणी भरू द्यायचे आणि मगच दुसरी सोडायची. पायोनियर आघाडीला राहून जुन्या विहिरी उपसत आणि नव्या खणत. बिनपाण्याच्या टप्प्यांसाठी उंटांवर मसका लादल्या. त्यांतल्या पुष्कळ गळक्या निघाल्या आणि भरलेले पाणी मुक्कामाला पोचेपर्यंत निम्मे होई, तेव्हा उंटांच्या खेपा वाढवाव्या लागल्या. चाल रात्रीची ठेवली. संध्याकाळी कूच करायचे आणि ऊन चढण्याआधी मुक्काम गाठायचा. दिवसा तंबूत पडायचे, पण त्या तंबूतही झोप कुठली! आघाडीला कर्नल बेरेसफर्ड ८८ वी पलटण घेऊन गेला. त्याच्या मागोमाग एकेक तुकडी याच हिशेबाने सुटत गेली.

फौजेच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख होता जेम्स मॅकग्रिगर, तिशीचा स्कॉटिश डॉक्टर. ८८ व्या पलटणीबरोबर तो मुंबईला आला होता. त्याची सवय होती नोंदी ठेवण्याची. किती माणसे आजारी पडली, कुठल्या मुक्कामावर, कशाने, त्या दिवशी हवा कशी होती, हे सगळे तो लिहीत गेला. या नोंदींवरून त्याने पुढे १८०४ मध्ये या मोहिमेच्या आरोग्याचा वृत्तान्त छापला. वाळवंट पार करताना या फौजेची जी हानी झाली ती नगण्य होती. हजारो माणसे जुलैअखेरपर्यंत नाईलच्या पाण्यात ओंजळ बुडवत होती.

हे यश माझ्या मते आबुकीरच्या टेकडीइतकेच मोलाचे आहे. तिथे शत्रू दिसत होता आणि वीस पावले धावून त्याला भिडता येत होते. इथे भिडायचे होते तहानेला. ती जिंकायची तर उंट किती, मसक किती, विहिरीला भरायला तास किती, हे गणित बरोबर यायला हवे आणि ते बरोबर आले तरी गळकी मसक पाहून शिपायाने धीर सोडता कामा नये. ती शिस्त मुंबईच्या शिपायांनी पाळली.

केनाच्या समोर, नदीपलीकडे, देंदेराचे प्राचीन देऊळ आहे. तिथल्या खांबांवर आणि भिंतींवर हाथोर या गाईच्या कानांच्या देवतेची मुखे कोरली आहेत. हिंदुस्थानातून आलेले शिपाई ते देऊळ पाहून आपल्याच देवाच्या दारात आल्यासारखे नतमस्तक झाले, ही हकिकत त्या काळच्या प्रवासवर्णनांतून वारंवार येते. ज्या देवतेची पूजा इजिप्तमध्ये शतकानुशतके बंद पडली होती, तिच्यापुढे सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी हात जोडले. हजारो मैल दूर, परक्या धन्याच्या कामासाठी, अनोळखी भाषेच्या मुलखात आलेल्या त्या शिपायांना तिथे काय वाटले असेल याची कल्पना करता येते. त्यांच्यापैकी कुणी लिहून ठेवले असते तर आज ते सोन्याच्या मोलाचे ठरले असते.

शरणागती आणि प्लेग

केनाहून फौज होड्यांतून नाईलच्या प्रवाहाबरोबर खाली निघाली. ऑगस्टमध्ये कैरोजवळच्या रोडा बेटावर तिची छावणी पडली. कैरोतले फ्रेंच २७ जूनलाच शरण आले होते. कैरोच्या लोकांनी काळे, सावळे आणि गोरे सैनिक एकाच झेंड्याखाली, नीट रांगेतल्या तंबूंत राहताना पाहिले. अलेक्झांड्रियात मनू अजून तग धरून होता. फौज पुढे सरकली आणि ऑगस्टअखेर रोझेटाला पोचली. त्याच सुमारास मनूने शरणागतीच्या अटी मान्य केल्या आणि २ सप्टेंबरला अलेक्झांड्रिया इंग्रजांच्या स्वाधीन झाले. फ्रेंच विद्वानांनी जमवलेल्या पुराणवस्तूंपैकी मोठा वाटा याच करारान्वये इंग्रजांकडे गेला. रोझेटाचा प्रसिद्ध शिलालेख त्यांतलाच, तो १८०२ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

लढाई संपली, पण मॅकग्रिगरची लढाई इथे सुरू झाली. रोझेटाला फौजेच्या इस्पितळात प्लेग शिरला. रोगी वेगळे काढणे, त्यांचे कपडे जाळणे, खोल्या धुऊन चुन्याने पांढऱ्या करणे, पहारे बसवणे, जे हाती होते ते सगळे त्याने केले. प्लेग कशाने पसरतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. फौजेतल्या डॉ. व्हाइटने ते शोधण्यासाठी रोग्याच्या गाठीतला पू स्वतःच्या अंगात टोचून घेतला आणि त्यात तो मेला. डोळ्यांच्या साथीने तर दोन्ही फौजांना पोळले. शेकडो सैनिक कायमचे आंधळे झाले आणि परतलेल्या पलटणींबरोबर ती साथ इंग्लंडात पोचली.

लंडनला तहाच्या प्राथमिक कलमांवर १ ऑक्टोबर १८०१ रोजी सह्या झाल्या. अलेक्झांड्रिया पडल्याची बातमी तिथे पोचली ती त्यानंतर. ज्या सौद्यात आपली बाजू वरचढ राहावी म्हणून ही सारी धडपड केली, तो सौदा बातमीआधीच उरकला होता. हिंदुस्थानी फौज १८०२ मध्ये वाळवंटातून सुएझला आली आणि जहाजांनी परत फिरली.

वालखेरनचा धडा

आता त्याच मापाने दुसरी मोहीम पाहू. १८०९ मध्ये पाचवी आघाडी उभी होती. ऑस्ट्रिया पुन्हा नेपोलियनशी भिडला होता. त्याला हातभार म्हणून शेल्ट नदीच्या मुखाशी उतरायचे, व्हिलिसिंगेन आणि अँटवर्पमधले फ्रेंच आरमार व गोद्या जाळायच्या, असा इंग्रजांचा बेत. सुमारे ४० हजार सैनिक आणि सहाशेवर जहाजे. त्या वेळेपर्यंत इंग्लंडच्या किनाऱ्यावरून एवढी मोठी मोहीम निघाली नव्हती. सेनापती होता लॉर्ड चॅटम, माजी पंतप्रधान पिटचा थोरला भाऊ. आरमार अॅडमिरल स्ट्रॅचनकडे.

ताफा २८ जुलैला सुटला. त्याआधी तीन आठवडे, ५ आणि ६ जुलैला, वाग्रामला ऑस्ट्रियाचा पराभव होऊन युद्धतहकुबीही झाली होती. ज्या दोस्तासाठी निघायचे तो आधीच खाली बसला होता. फौज झीलंडच्या वालखेरन बेटावर उतरली. तोफांचा आणि अग्निबाणांचा मारा करून १५ ऑगस्टला व्हिलिसिंगेन घेतले. तोवर अँटवर्पची तटबंदी मजबूत होऊन तिथे फ्रेंच कुमक जमली होती. पुढे जाणे अशक्य झाले.

आणि मग ताप आला. वालखेरन हे समुद्रसपाटीखालचे, दलदलीचे बेट. त्यातच फ्रेंचांनी बांध फोडून जमिनीत पाणी सोडले होते. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथे डासांचे राज्य असे. हिवताप, विषमज्वर, टायफस, हगवण सगळ्यांनी एकदम गाठले. सप्टेंबर उजाडेपर्यंत हजारो माणसे अंथरुणाला खिळली होती. लढाईत मेले शंभराच्या थोडे वर. तापाने मेले सुमारे चार हजार. १८१० च्या फेब्रुवारीतही ११ हजारांवर माणसे आजाऱ्यांच्या यादीत होती. वालखेरनहून आलेल्या पलटणी आपल्याकडे पाठवू नका, असे वेलिंग्टनला स्पेनमधून सांगावे लागले. तो ताप माणसाला वर्षानुवर्षे सोडत नसे.

ही आपत्ती अनपेक्षित नव्हती. साठेक वर्षांपूर्वी, १७४० च्या दशकात, इंग्रज सैन्य त्याच भागात होते. तेव्हाचा लष्करी डॉक्टर जॉन प्रिंगल याने झीलंडच्या तापांवर सविस्तर लिहिले होते आणि ते पुस्तक लष्करी वैद्यकातले प्रमाण मानले जात होते. तरी मोहीम आखताना वैद्यकीय मंडळाला विश्वासात घेतले गेले नाही. सिंकोनाची साल कमी पडली. इस्पितळ म्हणून लावलेल्या जहाजांची आणि घरांची दशा दयनीय झाली. लष्कराचे मुख्य वैद्य सर लुकास पेपिस यांना तिथे जाऊन पाहा म्हटले, तर त्यांनी नकार दिला. शेवटी पाठवले कुणाला? जेम्स मॅकग्रिगरला. वाटेत त्याचे जहाज वाळूत रुतले आणि तो जेमतेम वाचला. बेटावर पोचताच त्याने आजारी माणसे भराभर इंग्लंडला हलवण्याची व्यवस्था लावली. वर्षअखेर बेट रिकामे केले. पार्लमेंटात चौकशी झाली, जुने वैद्यकीय मंडळ बरखास्त झाले. मोहिमेवरून मंत्रिमंडळात आधीच फूट पडली होती. सप्टेंबरातच युद्धमंत्री कॅसलरे आणि परराष्ट्रमंत्री कॅनिंग पिस्तुले घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले होते.

पुढे मॅकग्रिगरने स्पेनमध्ये वेलिंग्टनच्या हाताखाली इस्पितळांची घडी बसवली आणि १८१५ पासून १८५१ पर्यंत तो इंग्रज लष्कराच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख राहिला. रोज्‌च्या रोज नोंद, माणसे मोजणे, रोगी वेळेवर हलवणे ही त्याची पद्धत कुसेर-केनाच्या वाटेवर आणि रोझेटाच्या इस्पितळात पक्की झाली होती. मुंबईच्या शिपायांच्या आरोग्याची नोंदवही पुढे साऱ्या लष्कराच्या उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

पदक आणि पारडे

इजिप्तहून परतलेल्या देशी शिपायांना कंपनी सरकारने पदक दिले. त्याच्या एका बाजूला हातात ब्रिटिश निशाण धरलेला देशी शिपाई आणि फारसी मजकूर होता, दुसऱ्या बाजूला जहाज आणि इजिप्तचा किनारा. राजाच्या पलटणींतल्या साध्या गोऱ्या सैनिकाला त्याच मोहिमेबद्दल सरकारी पदक मिळाले ते १८५० मध्ये, तेही जो तोवर हयात असेल त्याला. म्हणजे ज्यांनी लढाई मारली ते अर्धशतक थांबले, आणि ज्यांनी वाळवंट तुडवले त्यांची पावती लवकर मिळाली. कंपनीला या शिपायांची किंमत कळत होती. समुद्र ओलांडायला तयार असणारी फौज तिला पुढेही लागणार होती, आणि ती कंपनीने पुढे अर्धशतकभर वापरली.

तो हिशेब कंपनीचा. आपला वेगळा असायला हवा. हे शिपाई परक्याच्या चाकरीत होते, ज्या युद्धात ओढले गेले ते त्यांचे नव्हते, आणि ज्या सत्तेसाठी ते चालले ती लवकरच पुण्याच्या गादीवर हात घालणार होती. हे सगळे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण म्हणून त्यांचे कर्तृत्व विसरावे हा न्याय नव्हे. कोकणातल्या खेड्यातून उठलेल्या माणसाने समुद्र ओलांडला, गळक्या मसकेच्या भरवशावर वाळवंट पार केले, प्लेगच्या छावणीत पहारा दिला आणि पलटण मोडू दिली नाही. युद्धाचा इतिहास आपण लढायांच्या तारखांनी मोजतो, म्हणून असे लोक त्यातून गळतात. तो जर फौज कशी पोचली, काय प्यायली, किती जिवंत राहिली यावरून मोजला, तर १८०१ च्या त्या दोन मुंबई पलटणींचे नाव आबुकीरच्या बरोबरीने घ्यावे लागेल. त्या धडधाकट, हत्यारबंद आणि एकसंध केनाला पोचल्या. फ्रेंचांविरुद्धच्या त्या दीर्घ युद्धात इंग्लंडच्या कितीतरी बलाढ्य मोहिमांना एवढे साधले नाही.